लॉबीतील नव्या फलकाची थरथर

ए-२०१: सर्व सभासदांना नमस्कार. लॉबीतला नवा एलईडी सूचनाफलक सदोष आहे. सोबतच्या मोबाइल व्हिडिओत त्यावरून काळे पट्टे सरकताना स्पष्ट दिसतात. ठेकेदाराचे उरलेले बिल थांबवावे.

बी-५०४: काका, या फलकावरील सगळ्या ओळी एकदम पेटत नाहीत; त्या आळीपाळीने, पण इतक्या झपाट्याने पेटतात की आपल्याला अक्षर अखंड दिसते. मोबाइलचा कॅमेराही चित्र ओळीओळीनेच टिपतो, त्यामुळे टिपण्याच्या क्षणी जो भाग विझलेला असेल, तिथे पट्टा उमटतो.

ए-२०१: व्हिडिओ सर्वांसमोर आहे. बिल थांबवावे.

सी-१०२: माझी तक्रार व्हिडिओची नाही. रात्री लिफ्टकडे जाताना डोळ्याच्या कडेने फलक लुकलुकताना दिसतो आणि थेट पाहिले की स्थिर वाटतो. मला अर्धशिशी आहे. वार्षिक सभेत बोलू दिले असते, तर इथे लिहावे लागले नसते.

सचिव: वहिनी, सभेत आपणांस कोणीही अडवले नव्हते. रात्री अकरानंतर फलकाचा उजेड कमी केला जातो, एवढे नमूद करतो.

बी-५०४: मग कारण तिथेच असावे. एलईडी मंद करताना बहुधा ती दर फेरीत कमी वेळ पेटवली जाते. विझलेला काळ वाढतो आणि फेऱ्यांचा वेग बेताचा असेल, तर लुकलुक जाणवते. डोळ्याच्या कडेची नजर अशा लुकलुकीला अधिक संवेदनशील असते, त्यामुळे वहिनींना होणारा त्रास खरा मानूनच उपाय करायला हवा.

डी-३०३: लिफ्टमधले लाल आकडेही कडक चकली खाताना नाचतात, मुलांनी मला दाखवले. तेही बिघडले आहेत काय?

बी-५०४: नाही, ताई. चावताना डोळे हादरतात, त्यामुळे तुटक पेटणारा आकडा दर वेळी नेत्रपटलावर निराळ्या जागी पडतो आणि हलल्यासारखा भासतो.

ए-२०१: चकलीचा विषय नाही. बिल थांबवावे.

सचिव: काका, आपला मुद्दा नोंदवला आहे. तंत्रज्ञाला बोलावून फेऱ्यांचा वेग वाढवून घेतो.

बी-५०४: त्याआधी रात्री फलकावर पूर्ण पांढरे पान लावून त्यासमोर पेन झपाट्याने हलवावे. धूसर पट्टीऐवजी सुट्या पेनांची रांग दिसली, तर लुकलुक आहे; मग पूर्ण उजेडात तेच करून फरक पाहावा.

सी-१०२: मी आज साडेअकराला खाली येते. सुरक्षारक्षकांना तसे कळवून ठेवावे.