आयतींचे (कुराणातील वचनांचे) सुलेखन: सजावट की उपासना?

प्रश्न (फोंडा):
गेल्या महिन्यात विजापूरचा इब्राहिम रोजा, म्हणजे आदिलशाही सुलतानाचा मकबरा, पाहिला. तेथे खिडक्यांवरील दगडी जाळ्या अरबी अक्षरांच्याच घडवल्या आहेत आणि त्या अक्षरांमधल्या फटींतून आत उजेड येतो. आमच्या फोंड्याची साफा मशीदही आदिलशाही काळातीलच. पण तिच्या साध्या पांढऱ्या भिंती पाहत मी वाढलो. पाहणाऱ्याला चटकन वाचताही येणार नाही अशा गुंतागुंतीने पवित्र वचन लिहिण्यामागे काय विचार असावा?

उत्तर (मडगाव):
माझे आजोबा खत, म्हणजे अरबी सुलेखन, लिहीत असत, म्हणून सविस्तर लिहितो. कुराण हे अल्लाहचे प्रत्यक्ष वचन आहे, अशी श्रद्धा आहे. मशिदीत मूर्ती नसते, त्यामुळे ते वचन डोळ्यांसमोर येते ते अक्षररूपानेच. कुराणातील ६८ व्या अध्यायाचे नावच 'कलम' असून त्याच्या आरंभी लेखणीची शपथ घेतलेली आहे. मग लिहिणाऱ्याने हवे तसे लिहून कसे चालेल? बगदादचा वजीर इब्न मुक्ला (मृत्यू इ.स. ९४०) याने कलमाच्या एका ठिपक्यावरून सगळ्या अक्षरांची मापे बांधून दिली, नस्ख या लेखनशैलीत अलिफ (पहिले, उभ्या रेषेचे अक्षर) साधारण पाच ठिपके उंच, सुलुस या शैलीत सात. पुढे राजकारणात त्याचा उजवा हात तोडला गेला, तेव्हा मनगटाला कलम बांधून तो लिहीत राहिला, असे सांगतात. आजोबा वुजू (नमाजाआधी हात-पाय-तोंड धुण्याची शुद्धी) केल्याशिवाय आयत लिहायला बसत नसत, आणि कलम तासताना पडलेला भुसासुद्धा पायदळी येऊ देत नसत. आमच्या घरी ही उपासनाच होती.

उत्तर (म्हापसा):
मी देवनागरी पाट्या रंगवतो. ठिपक्यांच्या मापात हात एवढा जखडला, तर भक्तीला जागा कोठे उरते?

उत्तर (मडगाव):
आपल्याकडे भजनात ताल सांभाळल्याने भाव कमी होतो का? माप हातात मुरेपर्यंत वर्षानुवर्षे एकच अक्षर गिरवायचे असते. उस्तादाने इजाजत दिल्यावरच शिष्य आपल्या लेखनाखाली स्वतःचे नाव घालतो.

प्रश्नकर्ता (फोंडा):
मनापासून आभार. आमच्या घरी पोथ्यांच्या पेटीत पणजोबांचा बोरू जपून ठेवलेला आहे. काल तो शाईत बुडवून कागदावर एकदाच टेकवला, तर ठिपका गोल न उमटता तिरका चौकोनी उमटला.