घाटात लोडवर गाडी हीट पकडते, हेड उतरवायचं का? सल्ला हवा

चिरेवाला
मंडळी, नमस्कार. आमची दहाचाकी आहे, बीएस-३, सहा सिलिंडर, टर्बो आणि टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर. लांज्याकडून चिरा (जांभ्या दगडाचे ठोकळे) भरायचा, साखरप्यावरून आंबा घाट चढायचा आणि मलकापूरमार्गे कोल्हापूर गाठायचं, हा आमचा धंदा.

साखरप्यापर्यंत तापमानाचा काटा मधोमध असतो. अर्धा घाट झाला की वर सरकायला लागतो आणि शेवटच्या वळणांवर लाल पट्ट्याला टेकतो. आंब्यात गाडी बाजूला घेऊन बंद केली रे केली की टाकीतून पाणी भसाभस बाहेर. गार झाल्यावर पुन्हा दोन-तीन लिटर पाणी पिते. तिथून पुढे कोल्हापूरपर्यंत काही तक्रार नाही, आणि रिकामी परत येताना तर काटा हलतसुद्धा नाही.

गावातल्या मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकलाय, फरक शून्य. आता तो म्हणतो हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉकमधली गॅस्केट) गेलंय, हेड उतरवून फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट) करावं लागेल. दुसरा म्हणतो मोठा रेडिएटर बसवा. खाणी पावसाला बंद होणार, त्याआधी गाडी आठवडाभर उभी ठेवणं परवडत नाही. आधी कशाला हात घालू?

घाटमाथा
पासिंगच्या (परवानगीच्या वजनाच्या) वर किती भरताय ते आधी खरं सांगा राव! चिऱ्याच्या गाड्या आम्हीही बघतो.

चिरेवाला
थोडं वर असतं, नाही म्हणत नाही. पण तेवढाच माल गेल्या उन्हाळ्यातही असायचा, तेव्हा गाडी अशी करत नव्हती.

जुना_मिस्त्री
दादा, हेडला इतक्यात हात लावू देऊ नका. तुमच्या लिहिण्यातच निम्मं उत्तर आहे. सपाटीला गाडी पन्नास-साठने पळते तेव्हा समोरचा वारा आपोआप रेडिएटरमधून जातो, पंखा मेलेला असला तरी कळत नाही. घाटात तीच गाडी पंधराच्या स्पीडने रांगते, इंजिन मात्र पूर्ण ताकद लावत असतं. तिथे वारा फक्त पंख्याचा. तो कमी पडला की काटा चढणारच. आयडलला उभी ठेवून बघण्यात अर्थ नाही, डिझेल इंजिन आयडलला मुळातच थंड राहतं.

पहिली तपासणी पंख्याची. तुमच्या गाडीला व्हिस्कस पंखा असणार, हबमध्ये सिलिकॉन तेल असतं आणि पुढे एक छोटी पट्टी किंवा स्प्रिंग. रेडिएटरमागची हवा तापली की ती आतली झडप उघडते आणि पंखा जोर धरतो. घाटात काटा वर जायला लागला की केबिनमध्ये पंख्याचा घोंघाट वाढायला हवा. तो हल्ली ऐकू येतो का, आठवून बघा. गाडी चांगली तापलेली असताना इंजिन बंद करा, चावी काढून खिशात ठेवा आणि पंखा हाताने फिरवा. जड लागला तर ठीक. मोकळा गरगर फिरला, किंवा हबभोवती तेलकट काळी माती चिकटलेली दिसली, तर कपलिंग (म्हणजे हे तेलाचं हब) गेलं.

दुसरं, इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मधली फट. समोरून जाळी स्वच्छ दिसते म्हणून सगळे फसतात. तुमचा धंदा चिऱ्याचा, म्हणजे लाल धूळ. त्यात ब्रीदरचा (इंजिनची वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीचा) तेलकट धूर मिसळला की मधे लेप बसतो. इंटरकूलरचे बोल्ट सैल करून पुढे ओढा आणि टॉर्च मारून बघा. धुताना पाणी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने मारा, आणि सर्व्हिस स्टेशनच्या पोराला प्रेशर कमी ठेवायला सांगा, नाहीतर पाती आडवी होतात आणि वारा कायमचा बंद.

पॅकिंग गेलंय का, हे हेड न उतरवता कळतं. सकाळी गाडी थंड असताना झाकण उघडा, गळ्यापर्यंत पाणी भरा आणि चालू करा. सुरुवातीला थोडी अडकलेली हवा निघेल, ती निघू द्या. त्यानंतरही सतत बुडबुडे येत राहिले, तर कॉम्प्रेशन पाण्यात मारतंय. मग झाकण लावून पुन्हा चालू करा आणि वरचा होज दाबून बघा. इंजिन थंड असतानाच एक-दोन मिनिटांत तो दगडासारखा झाला, तरी तोच अर्थ. रात्रभर उभ्या गाडीचं झाकण सकाळी उघडताना फुस्स आवाज आला, तरी तोच. गरम गाडीचं झाकण मात्र उघडू नका, आणि घाईत तापलेल्या इंजिनवर गार पाणीही ओतू नका. आज पॅकिंग चांगलं असलं तरी हेडला चीर जाईल.

आणि थर्मोस्टॅट परत बसवा. तापल्यावर तो रेडिएटरची वाट उघडतो, आणि बऱ्याच इंजिनांत त्याच वेळी बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळणारी, वाट बंद करतो. काढून टाकला की बायपास सताड उघडा, पाणी जवळच्या वाटेने इंजिनातच घिरट्या घालतं. कारण न शोधता थर्मोस्टॅट काढणाऱ्या मिस्त्रीच्या सांगण्यावरून मी तरी हेड उतरवणार नाही.

डिझेलवाला
वरच्याशी सहमत. भर एवढीच की खालचा होज बघा. वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) तिथून पाणी ओढते. होजच्या आतली स्प्रिंग गंजून तुटली असेल तर रेस वाढवल्यावर तो आत चपटा होतो. एकाने रेस द्यायची, दुसऱ्याने बघायचं.

मोठा रेडिएटर सध्या विसरा. आहे तोच रेडिओवाल्याकडे नव्हे, रेडिएटरवाल्याकडे दाखवा 😀 तांब्या-पितळेचा असेल तर टाकी उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) होतं. ॲल्युमिनियमचा प्लास्टिक टाकीवाला असेल तर रॉडिंगच्या भानगडीत न पडता कोअर बदला.

घाटमाथा
ड्रायव्हरला गिअर लवकर पाडायला सांगा. वरच्या गिअरमध्ये घुसमटत चढवली की पंखा आणि वॉटर बॉडी दोन्ही हळू फिरतात. आणि वर पोचल्यावर लगेच बंद करायची नाही, चार-पाच मिनिटं आयडलला ठेवायची. पाण्याचं फिरणं थांबलं की हेडची सगळी उष्णता आहे त्या पाण्यात उतरते, म्हणून तुमचं पाणी बंद केल्यावर उसळतं. टर्बोलाही तेवढा वेळ लागतोच.

चिरेवाला
सगळ्यांचे आभार. बुडबुडे नाहीत, थंड गाडीवर होज मऊच राहिला, सकाळी झाकणाला फुस्स नाही. पंखा मात्र तापलेल्या गाडीवर एका बोटाने गरगर फिरला. आणि इंटरकूलरमागे खालची वीतभर जाळी लाल चिखलाने लिंपलेली, खरवडल्यावर खपल्या निघाल्या.

नवीन कपलिंग कोल्हापूरहून यायला दोन दिवस लागतील. तोवर मिस्त्री हबला वेल्डिंग मारून पंखा कायम जाम करतो म्हणतोय. करू का? आणि पाणी साधंच भरलं तर चालेल?

जुना_मिस्त्री
वेल्डिंग नको. हबचा तोल बिघडला तर पंख्याचं पातं थेट रेडिएटरमध्ये. जाळी धुऊन घ्या आणि दोन दिवस घाटाखालचीच भाडी करा.

बोअरचं पाणी तर अजिबात भरू नका, आत चुना धरतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. असं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं आणि १ बारचं झाकण धड असेल तर १२५ च्या पुढे जातं. झाकणाचा रबर कडक झाला असेल तर तेही बदला, त्यावर छापलेला बारचा आकडा कंपनीने दिलेलाच घ्या. भरताना केबिनचा हीटर असेल तर उघडा ठेवा आणि इंजिनवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करा, त्यातून सलग पाणी आल्यावरच आवळा.

चिरेवाला
ठीक आहे. थर्मोस्टॅट कितीला उघडणारा घेऊ? दुकानदार ७१ चा देतो म्हणतोय.

डिझेलवाला
जुना सापडला तर त्याच्यावर आकडा कोरलेला असतो, तोच घ्या. कमी अंशांना उघडणारा बसवून घाटात काही फायदा नाही, दोन्ही तोवर पूर्ण उघडलेलेच असतात. बसवण्याआधी दोऱ्याने टांगून पातेल्यातल्या पाण्यात तापवून बघा, नवेही अडकलेले निघतात.