२००० वॅटच्या इन्व्हर्टरला बॅटरीची वायर किती जाड लागते? किटली लावली की बोंबलतोय

ह्यूस्टनचं_बिऱ्हाड
मंडळी, आमचा २२ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर आहे, जुनाच घेतलाय. पुढे टंगवर (गाडीला जोडायच्या दांड्यावर) ६ व्होल्टच्या दोन गोल्फ कार्ट बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे १२ व्होल्ट, २२० अँपिअर-अवर. इन्व्हर्टर २००० वॅटचा प्युअर साईन वेव्ह, तो मी आत डायनेटच्या (जेवायच्या टेबलाच्या) बाकाखाली बसवला कारण जागा तिथेच होती. सोबत आलेल्या वायरी ३ फुटांच्या, त्या पोचेनात म्हणून तशीच ४ गेज (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड) आणून १३ फूट ओढली, २०० अँपिअरचा फ्यूज टाकला. टेक्सासच्या बिग बेंड नॅशनल पार्कला रिओ ग्रांडे व्हिलेजच्या साध्या कॅम्पग्राउंडला उतरलो, तिथे हुकअप (बाहेरून वीज-पाण्याची जोडणी) नाही, सकाळी चहाला १५०० वॅटची किटली लावली तर अर्ध्या मिनिटात टीं टीं करून बंद. बायको म्हणते गॅसवर ठेवलं असतं तर एव्हाना दुसरा कप झाला असता. लॅपटॉप, मिक्सर मस्त चालतात. कोणी म्हणतं २ गेज घे, कोणी ४/० (त्याहून कितीतरी जाड), आणि ४/० चा भाव बघून मला घेरी आली. काय घेऊ?

मीटर_लावा_आधी
दादा खरेदी नंतर. किटली चालू करून व्होल्टेज दोन ठिकाणी मोजा, एकदा बॅटरीच्या टर्मिनलवर आणि एकदा इन्व्हर्टरच्या. बंद पडायच्या आत पटकन.

ह्यूस्टनचं_बिऱ्हाड
मोजलं. बॅटरीवर ११.८, इन्व्हर्टरवर १०.८. आणि वायर चांगलीच गरम, उन्हात राहिलेल्या स्टीलच्या तांब्यासारखी.

मीटर_लावा_आधी
मग सापडलं की. किटली १५०० वॅट, इन्व्हर्टरचा स्वतःचा लॉस धरून बॅटरीतून साधारण १५० अँपिअर खेचतोय. ४ गेजला फुटाला पाव मिलीओहम रेझिस्टन्स, तुमची वायर १३ फूट जाऊन १३ फूट परत येते म्हणजे २६ फूट (परतीची धरायला सगळेच विसरतात), साडेसहा मिलीओहम झाले, गुणिले १५० म्हणजे जवळपास १ व्होल्ट. तोच तुमचा हरवलेला व्होल्ट, इन्व्हर्टरपर्यंत व्होल्टेज कमी पोचतं म्हणून तो बंद पडतोय. १५० वॅट नुसते वायर तापवण्यात चाललेत, एवढ्यात दोन लॅपटॉप चार्ज झाले असते.

४/० टाकलीत तर हा ड्रॉप (वायरीत हरवणारं व्होल्टेज) ०.२ व्होल्टवर येईल, काम होईल, पण ती वायर वळवताना घाम निघतो आणि पैसेही जातात. मी म्हणेन वायर जाड करण्यापेक्षा इन्व्हर्टरच उचला आणि पुढच्या पास-थ्रू स्टोरेजमध्ये (ट्रेलरच्या आरपार जाणाऱ्या सामानाच्या कप्प्यात) न्या, बॅटरीपासून ४ फुटांवर. तिथे २/० (४ गेज आणि ४/० च्या मधली) पुरे, ड्रॉप ०.१ च्या आत. लांब ओढायचीच असेल तर १२० व्होल्टची बाजू ओढा, किटलीला तिथे साडेबारा अँपिअरच लागतात, १२ गेज भरपूर झाली. फक्त इन्व्हर्टर बॅटरीच्याच पेटीत ठेवू नका, लेड ॲसिड चार्ज होताना हायड्रोजन सोडते.

वेल्डिंग_केबल_पुणे
इकडे आम्ही टेम्पो ट्रॅव्हलरचा कॅम्पर केला तेव्हा हेच झालेलं. आमच्याकडे गेज कोणी बोलत नाही, स्क्वेअर एमएम, तुमची २/० म्हणजे आमची साधारण ७०. मी स्वस्तात मिळाली म्हणून ७० ची वेल्डिंग केबल आणली, बाहेरून तांब्यासारखी झकास, ब्लेडने एक तार खरवडली तर आत पांढरी! अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. जाडी तीच पण रेझिस्टन्स दीडपटीच्या आसपास, परत दुकानात गेलो तर मालक म्हणे बिलावर कॉपर कुठे लिहिलंय. तर घ्यायच्या आधी तार खरवडून बघाच. आणि लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) हातोडीने ठोकू नका राव, तो दाबून बसवायचा हायड्रॉलिक क्रिंपर कोणाकडून तरी मागून आणा.

फ्यूजवाला
एक राहिलंच. फ्यूज इन्व्हर्टरला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. चांगल्या १०५ डिग्रीच्या इन्सुलेशनची ४ गेज सुद्धा १६० अँपिअरपर्यंतच, आणि तुमचा फ्यूज २०० चा! म्हणजे आधी वायर जळणार, मग फ्यूज उडणार. किटलीने बंद पाडलं ते बरंच झालं म्हणायचं. २/० आली की २५० चा टाका, पॉझिटिव्हवर, बॅटरीच्या अगदी जवळ, बोटींवाले ७ इंचांच्या आत सांगतात. लग थेट बॅटरीच्या टर्मिनलवर टेकला पाहिजे, वॉशर त्याच्या वर, मध्ये घातला तर तिथेच तापतं.

ह्यूस्टनचं_बिऱ्हाड
बापरे, फ्यूजचं डोक्यातच नव्हतं, आजच वायर काढून ठेवतो. टेप लावून बघितलं, पास-थ्रूमध्ये ४ फूट २ इंच भरतंय आणि इन्व्हर्टर आडवा बसतोय. मग इंडक्शनवर पोळ्या पण होतील का?

मीटर_लावा_आधी
किटली पाच मिनिटांची असते म्हणून चालते. बॅटरी स्वतःच लोडखाली ११.८ वर बसतेय, तिला वायर काय करणार? पोळ्या गॅसवरच करा.