डीपी रोड (शहर विकास आराखड्यातला रस्ता) रखडलाय, एकत्र निवेदन कुणाकडे द्यावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नाशिकला पाथर्डी फाट्याच्या पुढे आमची गाळ्यांची छोटी इमारत आहे. खाली दुकानं, वर ऑफिसं. समोरचा डीपी रोड नकाशावर १८ मीटरचा, प्रत्यक्षात मात्र मध्येच द्राक्षबाग आणि तारेचं कुंपण. पुढे जेमतेम एक पिकअप जाईल एवढी वाट. गाळा बघायला आलेलं गिऱ्हाईक चिखल बघून गाडीतून न उतरताच परत फिरतं.

बागवाल्या शेतकऱ्याचंही चूक म्हणवत नाही. महापालिकेवाले एमआरटीपी (नगररचना) कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात विकता येणारे बांधकाम हक्क, घ्या म्हणतात, त्याला रोख मोबदला हवाय. कागदावरच्या टीडीआरवर मुलीचं लग्न होत नाही!

आता आसपासचे जागामालक मिळून निवेदन देणार आहोत. कुणी म्हणतं, त्याच कायद्याच्या कलम ३७ खाली रस्त्याची आखणीच थोडी सरकवून मागा. पण त्यात महिनाभर हरकती-सूचना, मग शासनाची मंजुरी. शिवाय रस्ता दुसऱ्याच्या अंगावर जाणार, भांडण तिथे सुरू. मला रोख मोबदला देऊन भूसंपादनाचाच आग्रह धरावा असं वाटतं.

इथे कुणी असं काम तडीस नेलंय का? निवेदन आधी महापालिका आयुक्तांना की नगररचना विभागाला? क्रेडाई (बिल्डरांची) किंवा निमा (उद्योजकांची) अशा संघटनेमार्फत गेलं तर वजन पडतं, की रहिवाशांच्या सह्या जास्त चालतात? आणि २०२७ च्या कुंभाच्या कामांच्या धामधुमीत असल्या आतल्या रस्त्याला निधी मागण्यात अर्थ आहे का?

जुन्या निवेदनाचा नमुना असेल तर कृपया इनबॉक्स करा.