मदत हवी आहे: प्लायचा स्पीकर बॉक्स, हवा कुठून निसटतेय ते सापडेना

नमस्कार मंडळी,

पुण्याच्या तपकीर गल्लीतून ८ इंची वूफर (जाड, खालच्या आवाजाचा स्पीकर) आणि डोम ट्विटरची (बारीक आवाजाचा) जोडी आणली होती, तिच्यासाठी घरीच बॉक्स केलेत. पोर्ट (हवेसाठी मुद्दाम ठेवलेलं भोक) नाही, पूर्ण बंद. उजवा झकास वाजतो. डावा मात्र डग्गा किंवा ढोल आला की ‘फस्स’ करतो आणि त्याचा बासही ढिला वाटतो.

तपशील आधीच देतो, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद त्यातच जातील. वूफरच्या कागदावर एफएस (त्याचा स्वतःचा रेझोनन्स, म्हणजे ज्या सुराला तो आपोआप जास्त हलतो) ३८ हर्ट्झ, क्यूटीएस (ती हालचाल किती आवरली जाते त्याचा आकडा) ०.४५, व्हीएएस (त्याच्या लवचीकपणाच्या तोडीची हवा) ४० लिटर. क्यूटीसी (बॉक्समध्ये बसवल्यावरचा तोच आकडा) ०.७०७ धरलं की २७ लिटर येतात आणि बॉक्समधला रेझोनन्स ६० हर्ट्झच्या आसपास. आतलं माप २५ × २७ × ४२ सेंमी, म्हणजे २८ लिटरला थोडं वर. त्यातला लिटरभर वूफरच्या बुडाने आणि मधल्या आडव्या पट्टीने खाल्ला. प्लाय १८ मिमी, बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा). एमडीएफच (लाकडाच्या तंतूंची दाबलेली फळी) घ्या असं सगळे सांगत होते, पण आमच्याकडे रत्नागिरीत जुलैत कपाटाची दारं लागत नाहीत, तिथे एमडीएफच्या कडा फुगायला कितीसा वेळ? सुतारकाकांनी फेविकॉल लावून, शिकंजे कसून, वर स्क्रूही मारलेत. मागची फळी कायमची चिकटवली आहे, त्यामुळे आत हात घालायचा तर वूफरच्याच भोकातून.

कोन (वूफरचा पुढे-मागे हलणारा पडदा) दोन्ही बाजूंनी बोटांनी हलकेच दाबून सोडला (डस्ट कॅपला, म्हणजे मधल्या गोल टोपीला, हात न लावता). उजवा सावकाश बाहेर येतो, डावा टुणकन. मग पंखा बंद करून २५ हर्ट्झचा टोन लावला आणि सगळ्या सांध्यांवरून उदबत्ती फिरवली. टर्मिनलच्या प्लेटपाशी धूर थरथरला. प्लेटखाली फोमची पट्टी घालून ती पुन्हा कसली. तिथला धूर शांत झाला, पण आवाज थोडाच कमी झाला.

आता सगळे सांधे आतून सिलिकॉनने भरून टाकू का? सुतारकाका म्हणतात भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरा, सिलिकॉनवर पुढे पॉलिश धरत नाही. दुसरी शंका डस्ट कॅपची. ती कापडी आहे. हवा तिच्यातूनच जात असेल का?

प्रतिसाद

आत्ता काहीही भरू नका. दोन्ही वूफरची अदलाबदल करा. फस्स वूफरबरोबर उजव्या बॉक्समध्ये गेलं तर दोष वूफरचा, डावीकडेच राहिलं तर बॉक्सचा. कापडी डस्ट कॅपमधून थोडी हवा जातेच, पण ती दोन्हीकडे सारखीच जायला हवी. कॅपवर फेविकॉलचा हात मारा असं कोणी सुचवेल, ते अजिबात ऐकू नका. कोनचं वजन वाढतं, आणि काही वूफरमध्ये कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) थंड राहायला तीच वाट असते.

एवढ्याशा फटीने बास का ढिला होतो, तर बंद बॉक्समध्ये कोंडलेली हवा हीच कोनची मुख्य स्प्रिंग. अमेरिकन संशोधक एडगर विल्चर यांनी १९५४ च्या एआर-१ या स्पीकरमध्ये हेच केलं होतं. तुमच्या मापात ती कोनच्या स्वतःच्या सस्पेन्शनपेक्षा (त्याला धरून ठेवणाऱ्या लवचीक भागांपेक्षा) जवळपास दीडपट कडक आहे. फट पडली की तिचा जोर जातो. आत रजईचा पॉलिस्टर कापूस भरला असेल तर चांगलंच, पण त्याने गळती थांबत नाही.

प्रतिसाद

आमचा घरचा धंदा फर्निचरचा, म्हणून वेगळं सांगतो. सांध्यांत शोधत बसू नका, प्लायच्या पोटात बघा. बीडब्ल्यूपीचा शिक्का म्हणजे पाण्यात गोंद सुटणार नाही एवढंच. आतल्या थरात गॅप नसेल असं नाही. वूफरचं भोक कापलं की ती गॅप उघडी पडते, आणि तिचं दुसरं तोंड थेट फळीच्या बाहेरच्या कडेला निघू शकतं. सांधा ठणठणीत आणि हवा मात्र फळीच्या आतून बाहेर! वूफर काढून भोकाच्या कडेवर बॅटरी मारा, काळी रेघ दिसली की तीच. सापडली तर एम-सील मळून बोटाने आत दाबा. ते सुकलं की भोकाच्या सगळ्या कडेला पातळ फेविकॉलचे दोन हात.

काकांचा भुसा-फेविकॉल चांगलाच, पण बारीक फटीला. सिलिकॉन आतल्या कोपऱ्यांत चालेल, तिथे कुठे पॉलिश करायचंय? फक्त व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका. ते सुकताना आम्ल सोडतं, ते वूफरमधल्या तांब्याला चांगलं नाही. न्यूट्रल मागा, आणि पूर्ण सुकल्याशिवाय वूफर बसवू नका.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. अदलाबदल केली, फस्स डावीकडेच राहिलं, म्हणजे वूफर सुटले. मग बॅटरी मारली तर भोकाच्या खालच्या अंगाला तिसऱ्या-चौथ्या थराच्या मध्ये फट दिसली, नख जाईल एवढी. बाहेरून बॅफलच्या (वूफर बसतो त्या पुढच्या फळीच्या) खालच्या कडेला उदबत्ती धरली तर धूर तिथेच हलत होता. तिथे सांधाच नाही, म्हणून आधी बघितलंच नव्हतं. एम-सील भरलं, फेविकॉलचे हात झाले, वूफरच्या फ्रेमखाली दाराला लावतात ती फोमची पट्टी घातली. आता डावा कोनही उजव्यासारखाच सावकाश बाहेर येतो.

एकच राहिलं. उजव्या बॉक्सच्या भोकाची कडही उघडीच आहे. आवाज नाही, पण पावसाळ्याआधी तिलाही फेविकॉल लावून घेऊ, की कडेला सँडिंग सीलर (पॉलिशआधी लावतात तो लेप) बरा?

प्रतिसाद

सीलर पातळ असतो, कडेत छान मुरतो, गॅप मात्र भरत नाही. आधी बॅटरी मारून बघा. रेघ नसेल तर सीलर पुरे.