टेक्ट्रॉनिक्स ४६५ : दुर्मीळ आयसी शोधावी की आधी दोष शोधावा?

शलाका

नमस्कार. माझ्याकडे टेक्ट्रॉनिक्स कंपनीचा ४६५ हा ऑसिलोस्कोप, म्हणजे विद्युत लहरी पडद्यावर रेषेच्या रूपात दाखवणारे उपकरण, आहे. १९७२ मध्ये बाजारात आलेले हे १०० मेगाहर्ट्झचे, दोन चॅनेलचे मॉडेल अनेकांच्या परिचयाचे असेल. संच सुरू केल्यावर पॅनेलवरील दिवे लागतात, पण पडद्यावर रेषा उमटत नाही. पडद्याबाहेर गेलेली रेषा शोधणारे ‘बीम फाइंड’चे बटण दाबूनही साधा ठिपका दिसत नाही.

सर्व्हिस मॅन्युअलमधील सुट्या भागांची यादी वाचल्यावर काळजी वाढली. व्हर्टिकल अॅम्प्लिफायरमधील (रेषा वर-खाली हलवणाऱ्या भागातील) काही आयसींना, म्हणजे एकात्मिक सर्किटच्या चिपना, १५५ या आकड्याने सुरू होणारे क्रमांक आहेत. या आयसी टेक्ट्रॉनिक्सने स्वतःसाठीच बनवलेल्या असल्यामुळे सध्याच्या कोणत्याही उत्पादकाच्या यादीत त्या मिळत नाहीत. त्यामुळे सुट्या भागांसाठी याच मॉडेलचा दुसरा बंद संच आधीच घेऊन ठेवावा का, असा प्रश्न पडला आहे. तसेच सुरुवातीलाच सर्व इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सरसकट बदलावेत का, याबद्दलही अनुभवी सभासदांचे मत हवे आहे. संच पुन्हा रोजच्या वापरात यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

लोलक

दुसरा संच आत्ता घेऊ नका आणि कपॅसिटरही सरसकट बदलू नका. जो भाग मिळत नाही, त्याच्यावरच सर्वांत आधी संशय घेण्याची सवय जुन्या उपकरणांच्या बाबतीत फार नुकसान करते. प्रत्यक्षात अशा संचांत बहुतेक वेळा बाजारात सहज मिळणारा एखादा भाग निकामी झालेला असतो आणि दुर्मीळ आयसी शाबूत असते.

पहिले काम वीजपुरवठा मोजण्याचे. ४६५ मध्ये −८, +५, +१५, +५५ आणि +११० व्होल्ट असे नियंत्रित पुरवठे आहेत. मोजणीची सुरुवात +५५ पासून करा, कारण बाकीच्या पुरवठ्यांना संदर्भ तिथूनच मिळतो. तोच चुकीचा असेल तर इतर आकड्यांवरून काहीही निष्कर्ष काढता येणार नाही. प्रत्येक पुरवठ्याचा डीसी व्होल्टेज आणि त्यावरील रिपल, म्हणजे उरलेला चढउतार, असे दोन्ही लिहून ठेवा. रिपल पाहायला दुसरा ऑसिलोस्कोप नसेल तर मल्टिमीटरच्या एसी श्रेणीवर ढोबळ अंदाज येतो.

एखादा पुरवठा अगदी खाली बसलेला आढळला, तर त्या ओळीवरील थेंबाच्या आकाराच्या टँटलम कपॅसिटरांकडे पाहा. हे कपॅसिटर निकामी होताना बहुधा शॉर्ट होतात. रेग्युलेटर प्रवाह मर्यादित ठेवत असल्यामुळे धूर किंवा करपल्याचा वास येईलच असे नाही; संच नुसता गप्प राहतो. विशेषतः +१५ आणि −८ व्होल्टच्या ओळींवर हा दोष या मॉडेलमध्ये वारंवार आढळतो. संच बंद करून त्या ओळीचा ग्राउंडशी असलेला रोध मोजा. तो काही ओहमच भरला, तर बाहेरच्या बेंच सप्लायमधून प्रवाहमर्यादा घालून एखादा व्होल्ट त्या ओळीवर द्या आणि बोर्डवरील तांब्याच्या पट्टीच्या निरनिराळ्या जागी मिलिव्होल्ट मोजत जा. शॉर्टच्या दिशेने आकडा कमी होत जातो आणि शॉर्टच्या पलीकडे तो बदलत नाही. अशा रीतीने एकही भाग न उपसता जागा सापडते, आणि पन्नास वर्षे जुन्या बोर्डवरील पट्ट्या अनावश्यक उष्णतेपासून वाचतात.

एक कळकळीची सूचना. या संचात पिक्चर ट्यूबच्या कॅथोडवर सुमारे −२४५० व्होल्ट असतात आणि एकूण प्रवेगक दाब १८ किलोव्होल्टच्या आसपास जातो. संच बंद केल्यावरही ट्यूबमध्ये भार साठून राहतो. साधा मल्टिमीटर त्या भागाला कधीही लावू नये. हाय व्होल्टेज प्रोब नसेल तर ते झाकण बंदच ठेवावे.

तांबडी तार

लोलक यांच्याशी पूर्ण सहमत आहे. क्रमांकांविषयी थोडे लिहितो, कारण दुर्मीळतेचा बराचसा भास तिथूनच होतो. टेक्ट्रॉनिक्सच्या पद्धतीत १५१ ने ट्रान्झिस्टर सुरू होतात, १५२ ने डायोड, १५५ ने कंपनीच्या खास आयसी आणि १५६ ने इतर आयसी. यादीतील १५१-०१९०-०० म्हणजे सर्वत्र मिळणारा २एन३९०४ हा ट्रान्झिस्टर आणि १५१-०१८८-०० म्हणजे त्याचा जोडीदार २एन३९०६. ह्यूलेट पॅकार्डच्या जुन्या उपकरणांतही असेच आहे: १८५४ म्हणजे एनपीएन ट्रान्झिस्टर, १८५३ म्हणजे पीएनपी, आणि १८२०-००५४ म्हणजे आपली नेहमीची ७४०० ही लॉजिक आयसी. या क्रमांकांचे तुलनात्मक तक्ते उपलब्ध आहेत. ते समोर ठेवले की यादीतील बराच मोठा भाग साध्या सामानात मोडतो. मात्र एक पथ्य पाळावे. काही क्रमांकांमागे निवडून घेतलेले भाग असतात, म्हणजे गुणधर्म जुळवलेल्या जोड्या किंवा अधिक व्होल्टेज सोसणारे नग. अशा ठिकाणी तेच नाव असलेला कोणताही नग बसवला तर संच चालतो, पण मापन बिघडते.

१५५ च्या आयसीवर खरोखर संशय आलाच तर दोन्ही चॅनेलची एकमेकांशी तुलना करा. त्यांची सुरुवातीची सर्किटे सारखीच आहेत, त्यामुळे चालू चॅनेलमधील व्होल्टेज हाच सर्वांत विश्वसनीय संदर्भ ठरतो. पडद्यावर रेषा परतली, पण एका टोकाला चिकटून राहिली, तर पुश-पुल (परस्परविरुद्ध चालणाऱ्या दोन सारख्या बाजूंच्या) अॅम्प्लिफायरच्या दोन बाजू तारेच्या छोट्या तुकड्याने क्षणभर जोडून पाहाव्यात. हे काम शेवटच्या टप्प्याच्या इनपुटपासून सुरू करून मागे मागे सरकावे. जिथे जोडल्यावर रेषा मध्यभागी येते तिथून पुढचा भाग चांगला, आणि जिथे ती यायची थांबते तिथे दोष. आकृती पाहून मगच जोडा. ज्या बिंदूंमध्ये मुळात मोठा व्होल्टेज फरक अपेक्षित आहे ते जोडायचे नाहीत.

बंद संच विकत घेण्याबाबत एवढेच सांगतो की तो कशाने बंद पडला आहे हे आधी विचारावे. एकाच मॉडेलमध्ये बहुधा तोच भाग मरतो. २४६५ या पुढच्या मालिकेत हॉरिझाँटल आउटपुटची यू८०० ही आयसी तापून जाण्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि सुट्या भागांसाठी घेतलेल्या संचातही नेमकी तीच गेलेली असण्याची शक्यता मोठी असते.

शलाका

दोघांचेही मनःपूर्वक आभार. +५५ आणि +११० अचूक आहेत, −८ आणि +५ हेही ठीक आहेत, परंतु +१५ च्या जागी जेमतेम दोन व्होल्ट मिळत आहेत. संच बंद असताना त्या ओळीचा रोध तीन ओहमच्या आत आहे. मिलिव्होल्टच्या पद्धतीने शोध घेतल्यावर खुणा एका टँटलम कपॅसिटरकडे जात आहेत. त्याचा एक पाय मोकळा करताच रोध पुष्कळ वाढला. संच अजून सुरू केलेला नाही. बदली भाग कोणता घ्यावा?

लोलक

तेवढ्याच क्षमतेचा आणि मूळ भागापेक्षा अधिक व्होल्टेजचा टँटलम घ्या. जागा असेल तर कमी ईएसआरचा (अंतर्गत रोधाचा) अॅल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिकही चालेल. बोर्डवरील धन खूण आणि नव्या भागावरील खूण दोन्ही तपासा, कारण अॅल्युमिनियमच्या नगावर पट्टी ऋण बाजूला असते आणि टँटलमवर ती धन बाजू दाखवते. सुरू केल्यावर पाचही पुरवठे पुन्हा मोजा.

रेषा दिसली तरी आतील कोणताही प्रीसेट, म्हणजे जुळणीचा स्क्रू, लगेच फिरवू नका. संच अर्धा तास तापू द्या आणि मगच कॅलिब्रेटरच्या चौरस लहरीवर दोन्ही चॅनेल तपासा. आकडे मर्यादेत असतील तर प्रीसेटना हात लावण्याची गरजच नाही.

तांबडी तार

एक भर घालतो, ४६५ ला ती लागू नाही, पण हा धागा वाचणाऱ्यांना उपयोगी पडेल. २४६५बी किंवा ह्यूलेट पॅकार्ड ३४७८ए यांसारख्या नंतरच्या उपकरणांत कॅलिब्रेशनचे आकडे बॅटरीच्या आधारावर टिकणाऱ्या मेमरीत असतात. बॅटरी संपली की ते आकडे जातात आणि नवी मेमरी बसवून ते परत येत नाहीत. तेव्हा अशा संचावर इतर कोणतेही काम करण्याआधी त्या मेमरीतील मजकूर वाचून त्याची प्रत काढून ठेवावी.