सेमी पैठणीच्या पानावर चॅट उघडतोय, कसा थांबवू?

येवल्याची_सून:
सासऱ्यांच्या दुकानाची वेबसाइट मी बघते, वर्डप्रेसवर आहे. हातमागाच्या साड्या '/पैठणी/' खाली आहेत. फक्त तिथेच चॅटने 'पदरावर मोर हवा की मुनिया?' असं विचारायला हवं. चॅटच्या टूलमध्ये 'कुठल्या पानावर उघडायचं' हा नियम असतो, त्यात */पैठणी/* लिहिलं, तर कुठेच उघडेना. मग पानाचा पत्ता कॉपी केला आणि त्यातली पैठणीची टक्केवाली माळ (%e0%a4%aa… अशी) दोन्हीकडे * लावून टाकली. आता '/सेमी-पैठणी/' वरही उघडतोय, 'खरी पैठणी कशी ओळखावी' या लेखावरही. सेमीवाल्या गिऱ्हाइकाला हातमागाचा भाव सांगितला की ते परत फिरकत नाही!

तारांकित:
ताई, ब्राउझर वर देवनागरी दाखवतो ते आपल्या सोयीसाठी. चॅटच्या स्क्रिप्टला मिळते ती टक्क्यांचीच माळ. काना-मात्रा-वेलांटीसकट प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट, दर बाइटला एक % आणि दोन अक्षरं-आकडे, म्हणजे नऊ अक्षरं. 'पैठणी'ची झाली पंचेचाळीस. तुमचं टूल ती उलगडत नाही, तेव्हा माळच ठेवा.

सेमीचा घोळ * मुळे आहे. * म्हणजे काहीही, अगदी 'सेमी-' सुद्धा. माळेच्या आधी आणि नंतर / द्या: */माळ/*. सेमीच्या पत्त्यात पैठणीच्या आधी / नाही, जोडरेघ आहे, म्हणून ते पान गळेल. लेखाचंही तेच. आणि कार्ट-चेकआउट 'इथे दाखवू नका'मध्ये घाला. पैसे भरताना मोर-मुनिया कोणी विचारू नये.

कोडकिडा:
सरळ रेजेक्स (मजकुराचा नमुना जुळवायची खुणांची भाषा) वापरा ना.

तारांकित:
तीन साड्यांच्या पानांसाठी? शिवाय रेजेक्समध्ये * चा अर्थच निराळा, तिथे .* लागतं. ताईंचं डोकं कशाला फिरवता?

येवल्याची_सून:
सेमी सुटलं, धन्यवाद! पण गूगलवरून त्याच पानावर आलं की चॅट उघडतो, आमच्या मेनूतून गेलं की नाही.

तारांकित:
मेनूतली लिंक हाताने देवनागरीत टाइप केलीय का? वर्डप्रेस स्वतः माळ बनवतं तेव्हा त्यातली इंग्रजी अक्षरं स्मॉल असतात. ब्राउझर बनवतो तेव्हा कॅपिटल. तुमचं टूल दोन्ही वेगळी धरत असणार. मेनूत 'कस्टम लिंक' काढून तेच पान यादीतून निवडा. व्हॉट्सअॅपवर कोणी हाताने लिहून पाठवलेल्या पत्त्यांसाठी कॅपिटलवाली माळ दुसरा नियम म्हणून जोडा, दोन्हींमध्ये 'किंवा' ठेवून. 'आणि' ठेवलंत तर पुन्हा कुठेच उघडणार नाही.